कड्यावरचे गॉब्लिन आणि १५० फुटांचा वाद

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात लाँगबोच्या (लांब धनुष्याच्या) रकान्यात १५०/६०० एवढंच लिहिलेलं असतं. १५० फुटांपर्यंत साधा अटॅक रोल (डी-२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, अधिक मारणाऱ्याचा अटॅकचा आकडा), त्यापुढे ६०० पर्यंत डिसॲडव्हान्टेज (दोन डी-२० टाका, लहान आकडा धरा), आणि ६०० च्या पलीकडे बाण सोडताच येत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतला अंतराचा नियम दोन ओळींत संपतो. इथे घेतलेल्या चकमकीत मात्र या दोन ओळींनी पाच राऊंडमध्ये (राऊंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी) खेळ चार-पाच वेळा थांबवला. वापरलेले नियम २०१४ चे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांचा उल्लेख फक्त शेवटी, एका ठिकाणी येतो.

मांडणी

तीन कॅरेक्टर, चौथ्या लेव्हलचे. रेंजर लाँगबोवाला: डेक्स्टेरिटी (चपळाई) १८, आर्चरी स्टाइल (धनुष्याचं खास शिक्षण), त्यामुळे अटॅक +८, डॅमेज (इजा) १डी८+४ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ४), एसी (बचावाचा आकडा; अटॅक रोल तेवढा किंवा जास्त झाला की मार लागतो) १६, ३६ हिट पॉइंट (इजा सोसायची ताकद). विझार्डचा (जादूगाराचा) स्पेल (मंत्र) अटॅक +६. फायटर चेन मेल आणि ढाल घेऊन एसी १८, जॅव्हलिनचा (फेकायच्या भाल्याचा) अटॅक +५.

समोर ९० फूट उंच उभा कडा, वर दोन फुटी दगडी कठडा, त्यामागे चार गॉब्लिन (बुटके राक्षस). एसी १५, ७ हिट पॉइंट, शॉर्टबो ८०/३२०, अटॅक +४, डॅमेज १डी६+२. आणखी दोन गॉब्लिन खाली झुडपात दडलेले. रेंजर आणि विझार्ड कड्याच्या पायथ्यापासून १२० फुटांवर, फायटर ८० फुटांवर. दिवसाउजेड आहे, त्यामुळे डार्कव्हिजनचा (अंधारात दिसण्याचा) प्रश्न नाही.

पहिला राऊंड: फूट कुठले?

रेंजर म्हणतो, "बाण मारतो." डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) विचारतो, "अंतर किती?" आणि टेबलावर तीन उत्तरं येतात.

पहिलं उत्तर १२०. ग्रिडच्या (पाच-पाच फुटांच्या चौकोनांच्या पटाच्या) साध्या नियमात तिरका चौकोनही पाच फुटांचाच. २४ चौकोन आडवे आणि १८ उभे असतील तर अठरा तिरक्या पावलांत उंची संपते, उरलेली सहा आडवी. एकूण २४ चौकोन, १२० फूट.

दुसरं उत्तर १५०. पायथागोरस: १२० चा वर्ग, ९० चा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ.

तिसरं उत्तर १६५. डीएमसाठीच्या पुस्तकात एक पर्यायी नियम आहे: पहिला तिरका चौकोन पाच फूट, दुसरा दहा, तिसरा पाच, असं आलटूनपालटून. अठरा तिरक्या पावलांचे १३५ फूट, वर सहा सरळ पावलांचे ३०.

तिन्ही उत्तरं आपापल्या पद्धतीने बरोबर आहेत, आणि लाँगबोची मर्यादा नेमकी त्यांच्या मधोमध पडते. १५० फूट बरोबर भरले तर डिसॲडव्हान्टेज नाही, कारण नियम साध्या रेंजच्या *पलीकडे* गेल्यावर लागू होतो. म्हणजे पहिल्या दोन पद्धतींत साधा रोल, तिसरीत डिसॲडव्हान्टेज. कठड्याशी टेकून उभ्या गॉब्लिनचा अर्धा देह झाकलेला, म्हणून हाफ कव्हर (अर्धा आडोसा, एसीला +२), एसी १७. +८ ला ९ किंवा जास्त हवेत: ६० टक्के. डिसॲडव्हान्टेज असेल तर तेच ३६ टक्के.

फरक मोठा दिसतो, म्हणून वाद रंगतो. पण हा वाद पंधरा फुटांचा आहे. तिसरी, सगळ्यात कंजूष मोजणी धरली तरी रेंजर तीन चौकोन पुढे सरकला की १०५ आडवे आणि ९० उभे होतात, अंतर बरोबर १५०. त्याच्याकडे तीस फुटांची चाल पडलेली आहे. निम्मी चाल खर्चून प्रश्न मिटतो, आणि ही गोष्ट सहसा वाद संपल्यावरच कोणाच्या तरी लक्षात येते.

कोणती पद्धत घ्यावी? उंची आली की पायथागोरस, असं आमचं मत. मोबाईलवर हिशोबाला दहा सेकंद लागतात. साध्या ग्रिड मोजणीत ४५ अंशांच्या रेषेवर खरं अंतर सुमारे २९ टक्क्यांनी कमी भरतं; जमिनीवर ते चालून जातं, उभ्या कड्यापाशी विनोदी होतं. तोंडी हिशोब हवा असेल तर मोठी बाजू अधिक लहान बाजूचा निम्मा. हाच तो पाच-दहा-पाचचा नियम, आणि तो जास्तीत जास्त १२ टक्के अंतर फुगवतो. काय ते एक ठरवा, पण इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) टाकायच्या आधी. चकमक सुरू झाल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीची भूमिती आठवते.

एक बारीक चूक वारंवार होते: मोजणी मारणाऱ्याच्या स्वतःच्या चौकोनापासून सुरू करणे. मोजायचं शेजारच्या चौकोनापासून, थांबायचं लक्ष्याच्या चौकोनात.

फायटरला याच राऊंडमध्ये जॅव्हलिन फेकायचा होता. जॅव्हलिन ३०/१२०. ८० फूट आडवे, ९० उभे: पायथागोरसने १२०.४. इथे प्रश्न डिसॲडव्हान्टेजचा उरत नाही, फेकताच येत नाही. साध्या मोजणीत मात्र अंतर ९० भरतं आणि चालतं. समजा तो तीस फूट पुढे जाऊन फेकतो: अंतर १०३, लाँग रेंज, एसी १७ ला १२ हवेत, डिसॲडव्हान्टेजसह २० टक्के. त्यासाठी ॲक्शन (पाळीतलं एक मुख्य काम) घालवण्यापेक्षा डॅश (ॲक्शन देऊन दुप्पट चाल) करून साठ फूट कापणं शहाणपणाचं. त्याने तेच केलं.

दुसरा राऊंड: आडवं पडण्याचा मोह

गॉब्लिन उत्तर देतात. १५० फूट म्हणजे शॉर्टबोच्या ८० पलीकडे, चौघांनाही डिसॲडव्हान्टेज. रेंजरच्या एसी १६ वर +४ ला १२ हवेत: साध्या रोलवर ४५ टक्के, डिसॲडव्हान्टेजसह २० टक्के. क्रिटिकलचा (फाशावर २० पडल्यावरच्या जादा डॅमेजचा) हिशोब सोडला तर चार बाणांत राऊंडला सरासरी साडेचार हिट पॉइंट जातात. रेंजर असा आठ राऊंड उभा राहू शकतो.

त्याला ते पुरेसं वाटत नाही. बाण सोडून तो जमिनीवर आडवा होतो, कारण पाच फुटांपेक्षा लांबून प्रोन (आडव्या पडलेल्या) लक्ष्यावर मारणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज असतो. आता अंतराचा एक आणि आडवं पडल्याचा एक, म्हणजे दोन?

नाही. डिसॲडव्हान्टेज एकदाच लागतो. तीन कारणं असली तरी फासे दोनच. त्यामुळे ८० फुटांपलीकडच्या गॉब्लिनसमोर लोळण घेण्याचा फायदा शून्य. तोटा मात्र आहे: प्रोन असताना त्याच्या स्वतःच्या रोलला डिसॲडव्हान्टेज, नाहीतर उठायला निम्मी चाल. शिवाय झुडपातले दोघे पाच फुटांत पोहोचले तर त्यांना ॲडव्हान्टेज (दोन डी-२०, मोठा आकडा).

हा गैरसमज कुठून येतो ते उघड आहे. याच खेळाच्या ३.५ आवृत्तीत अंतराचा दंड साचत जायचा: लाँगबोचा टप्पा १०० फुटांचा, प्रत्येक पुढच्या टप्प्याला −२, असे दहा टप्पे, आणि मित्र झटापटीत असेल तर वेगळे −४. पाथफाइंडर या त्याच धर्तीच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतही टप्प्याला −२ आहे, कमाल सहा टप्पे. तिथून आलेला खेळाडू मनातल्या मनात बेरीज करतो. पाचव्या आवृत्तीत अंतर हे विजेचं बटण आहे. १५५ फूट आणि ५९५ फूट यांत काडीचा फरक नाही.

विझार्डचं गणित आणखी वेगळं. फायर बोल्ट या आगीच्या स्पेलची रेंज १२० आणि तेवढीच. लाँग रेंज नावाची पायरी स्पेलना नसते. ११९ फुटांवर पूर्ण ताकद, १२१ वर काहीच नाही. तीस फूट पुढे येऊनही अंतर १२७ भरतं, आणि एकाच राऊंडमध्ये डॅशही करायचा आणि स्पेलही टाकायचा हे त्याला जमणारं नाही. त्यामुळे तो मागेच थांबतो, आणि तिसऱ्या राऊंडमधली घोडचूक तिथे जन्म घेते.

तिसरा राऊंड: धुकं

विझार्ड फॉग क्लाउड टाकतो, स्वतःवर आणि रेंजरवर. वीस फूट त्रिज्येचं दाट धुकं. हेतू सरळ: दिसलो नाही तर बाण चुकतील.

आता नियम वाचू. न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारताना डिसॲडव्हान्टेज. ज्याला आपण दिसत नाही त्याच्यावर मारताना ॲडव्हान्टेज. गॉब्लिनला रेंजर दिसत नाही, आणि धुक्यात बसलेल्या रेंजरलाही गॉब्लिन दिसत नाही. म्हणजे गॉब्लिनच्या रोलवर एक डिसॲडव्हान्टेज, एक ॲडव्हान्टेज. दोन्ही एकत्र आले की दोन्ही रद्द, साधा रोल. आणि नियमाची मेख पुढे आहे: एका बाजूला कितीही कारणं असोत, दुसऱ्या बाजूला एक जरी असलं तरी सगळी रद्द. अंतराचा डिसॲडव्हान्टेजही त्यात वाहून गेला.

परिणाम: गॉब्लिनचा नेम २० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर. राऊंडला साडेचारऐवजी जवळपास दहा हिट पॉइंट. आठ राऊंड टिकणारा रेंजर चार राऊंडांत आडवा होणार. विझार्डने एक स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) आणि एक ॲक्शन खर्चून शत्रूचा नेम दुप्पट केला.

टेबलावर अशा वेळी पहिला आक्षेप येतो तो हा: "पण आम्ही कुठे आहोत हेच त्यांना कळणार नाही!" कळतं. न दिसणं आणि लपलेलं असणं वेगळं. हाइड (लपण्याची) ॲक्शन घेऊन स्टेल्थचा (चोरपावलांचा) रोल टाकल्याशिवाय तुमची जागा आवाजावरून ओळखता येते असंच नियम धरून चालतो. धुक्याचा खरा उपयोग इथेच होता. रेंजरचा स्टेल्थ +६, गॉब्लिनचं पॅसिव्ह परसेप्शन (न शोधताही लक्षात येण्याची पातळी) ९. चार किंवा जास्त पडले की लपला, म्हणजे ८५ टक्के. लपून दोन चौकोन सरकला असता तर गॉब्लिनना चौकोनाचा अंदाज करावा लागला असता, आणि चुकीच्या चौकोनावर मारलेला बाण कितीही चांगला रोल पडला तरी वाया. किंमत एवढीच की रेंजरला हाइड करायला पूर्ण ॲक्शन लागते, ‘रोग’ (Rogue) या चोरट्या वर्गाच्या कॅरेक्टरसारखी बोनस (जादा) ॲक्शन नाही. त्या राऊंडला त्याचा बाण जात नाही.

याची दुसरी बाजू रेंजरच्या कामाची आहे. धुक्यातून ३०० फुटांवरच्या गॉब्लिनवर मारला तरी साधाच रोल, कारण त्यालाही ॲडव्हान्टेज-डिसॲडव्हान्टेज कटतात. लांब पल्ल्यावर डोळे झाकून नेम जास्त बसतो, असा हा प्रकार. कायद्याने बरोबर, डोक्याला न पटणारा.

घरचा नियम करायचाच असेल तर आम्ही एकच सुचवू: दोघेही एकमेकांना दिसत नसतील तर न दिसण्याचा ॲडव्हान्टेज कोणालाच द्यायचा नाही. मग धुक्यात सगळ्यांना डिसॲडव्हान्टेज राहतो, लांबचे बाण २० टक्क्यांवरच अडकतात आणि विझार्डचा हेतू साधतो. याची किंमत अंधारातल्या झटापटीत मोजावी लागते. दोन्हीकडून चुकतच राहतं आणि लढाई रेंगाळते. दुसरा एक उपाय सुचवला जातो, की अंतराचा डिसॲडव्हान्टेज कधीच रद्द होऊ द्यायचा नाही. तो टाळा. मग लपून लांबून मारणारे सगळेच कॅरेक्टर पांगळे होतात.

चौथा राऊंड: पाच फूट

झुडपातले दोन गॉब्लिन धुक्यात शिरले. एक रेंजरला भिडला, दुसरा विझार्डला. शेजारी शत्रू असला की लांब पल्ल्याच्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज. तुम्ही त्या शेजाऱ्यावर मारा की कड्यावरच्यावर, फरक नाही. पण नियमात दोन अटी आहेत आणि त्या नेहमी विसरल्या जातात: तो शत्रू तुम्हाला *पाहू शकत* असला पाहिजे, आणि इनकपॅसिटेटेड (काहीच करू न शकणारा) नसला पाहिजे. धुक्यात तो पाहू शकत नाही. म्हणजे धुकं असेपर्यंत हा डिसॲडव्हान्टेज लागतच नाही.

विझार्डने कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवणारं लक्ष) सोडलं, धुकं विरलं, आणि शेजारच्या गॉब्लिनला रेंजर दिसू लागला. आता रेंजरपुढे तीन वाटा.

जागेवरून धनुष्य चालवायचं: एसी १५ वर ७० टक्क्यांचे डिसॲडव्हान्टेजने ४९. शिवाय ७ हिट पॉइंट एका बाणात संपवायला डी-८ वर ३ तरी हवेत, म्हणून त्याच बाणाने मारण्याची शक्यता ३७ टक्के.

शॉर्टसोर्ड काढायची: आर्चरी स्टाइलचे +२ तलवारीला लागत नाहीत, अटॅक +६, ६० टक्के, डी-६ वर ३ हवेत, एकूण ४०. धनुष्य टाकायची गरज नाही. दोन हात फक्त मारताना लागतात. धरायला एक पुरतो, आणि तलवार उपसणं त्या टर्नच्या फुकट हालचालीत बसतं.

मागे सरकून मारायचं: गॉब्लिनला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्यावरचा फटका) मिळतो, ४५ टक्के, सरासरी अडीच हिट पॉइंटचा फटका. बदल्यात साधा रोल, ७० टक्के, आणि मारण्याची शक्यता ५२. एकच गॉब्लिन चिकटलेला असताना हीच वाट सरस. दोघे चिकटले असते तर दोन फटके, मग तलवार बरी. डिसएंगेज घेतला तर फटका टळतो पण ॲक्शन जाते.

रेंजर सरकला, बाण लागला.

दरम्यान वरचे चौघे हुशारीने खेळू लागले: पाच फूट पुढे येऊन बाण सोडायचा आणि पाच फूट मागे जायचं. चाल हल्ल्याच्या आधी आणि नंतर तोडून वापरता येते, त्यामुळे हे कायदेशीर आहे. साडेतीन फुटी गॉब्लिन कठड्यापासून एक चौकोन मागे गेला की खालून ३७ अंशांच्या रेषेत तो दोन फुटी कठड्याआड पूर्ण झाकला जातो. टोटल कव्हर, लक्ष्यच नाही. यावर उतारा रेडी ॲक्शन (ठरवलेली गोष्ट घडताच करायचं काम): "जो कठड्याशी येईल त्याला बाण." रिॲक्शन (पाळीबाहेर करता येणारी एक कृती) खर्ची पडते, पण बाण जातो.

आणि इथे एक उलटी गोष्ट ध्यानात घ्यावी. कड्याच्या जवळ गेल्याने अंतर घटतं पण कोन चढतो. पायथ्यापासून ३० फुटांवर कोन ७२ अंशांच्या आसपास. कठड्यापासून फूटभर मागे उभा असलेला गॉब्लिनही तिथून दिसत नाही. म्हणून रेंजरची योग्य जागा साधी रेंज जिथे संपते तिथेच होती.

पाचवा राऊंड: मधला मित्र

फायटर चढतोय. चढताना प्रत्येक फुटाला दोन फूट चाल, म्हणजे ९० फुटांना १८०. डॅश करत दुसऱ्या राऊंडअखेर २० फूट, मग ५०, मग ८०. पाचव्यात उरलेले दहा फूट चढून हल्लाही. चौथ्या राऊंडमध्ये दोन गॉब्लिन त्याच्यावर मारायला कठड्यावरून ओणवे झाले; डीएमने त्यांचं हाफ कव्हर काढून घेतलं. नियमात असं लिहिलेलं नाही, निर्णय मात्र रास्त आहे.

आता फायटर कठड्यावर, त्यापलीकडे गॉब्लिन, खाली रेंजर. मधला मित्र हाफ कव्हर देतो. कठडाही हाफ कव्हर देतो. बेरीज +४? नाही, कव्हर एकावर एक चढत नाहीत, सगळ्यात मोठं एकच धरायचं. एसी १७. कव्हर एसीवर बसतं आणि डिसॲडव्हान्टेज फाशांवर, म्हणून ही दोन मात्र एकाच वेळी लागतात.

नेम चुकला तर बाण फायटरला लागेल का? मूळ नियमाने नाही. एक पर्यायी नियम आहे: कव्हरमुळेच चुकलेला रोल जर आड आलेल्याच्या एसीपेक्षा जास्त असेल तर त्याला लागतो. इथे कव्हरमुळे चुकणारे आकडे १५ आणि १६, फायटरचा एसी १८. पर्यायी नियम वापरला तरी त्याला बाण लागणं अशक्य. चिलखतवाल्या मित्राच्या खांद्यावरून खुशाल मारावं. विझार्ड पुढे असेल तेव्हा विचार करावा.

शार्पशूटर असता तर

रेंजरने चौथ्या लेव्हलला डेक्स्टेरिटी वाढवली. त्याऐवजी शार्पशूटर (पक्का नेमबाज) हे फीट (खास कौशल्य) घेतलं असतं तर अटॅक +७, पण लाँग रेंजचा डिसॲडव्हान्टेज नाही, हाफ आणि थ्री-क्वार्टर्स (पाऊण आडोसा, एसीला +५) कव्हर शून्य. उघड्यावर ६५ विरुद्ध ७० टक्के, किरकोळ तोटा. १६० फुटांवर, बाणफटीआडच्या थ्री-क्वार्टर्स कव्हरमधल्या गॉब्लिनवर ६५ विरुद्ध २० टक्के. पहिल्या राऊंडचा वादच उद्भवला नसता. २०१४ च्या फीटमधला −५ अटॅक/+१० डॅमेजचा भाग सात हिट पॉइंटच्या गॉब्लिनवर उधळपट्टी आहे. २०२४ मध्ये तो काढून टाकला आणि त्याजागी शेजारी शत्रू असतानाचा डिसॲडव्हान्टेज माफ केला. चौथ्या राऊंडमधला तिढा त्या फीटने सुटतो.

राहिले बाण. पाच सोडले, एक मिनिट शोधलं तर निम्मे परत मिळतात, अपूर्णांक खाली, म्हणजे दोन. चार बाण कड्यावर गेले होते. फायटर आधीच वर आहे, शोधायचं काम त्याच्याकडे.